पटावरची लेकरं आणि टक्क्यांचा हिशेब

अकोल्याहून वाशिमकडे जाणाऱ्या महामार्गावर पातूर लागतं. गाव ओलांडलं की रस्ता घाट चढू लागतो. अलीकडे काळी जमीन, कापूस, सोयाबीन, तूर. पलीकडे डोंगर, मुरमाड वावरं, अधूनमधून बंजारा समाजाचे तांडे. आलेगाव, सस्ती, चान्नी, विवरा, मळसूर अशी काही मोठी गावं सोडली तर तालुक्याची वस्ती लहान लहान गावांत विखुरलेली आहे. या गावांतून जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळा आहेत. पातूर शहरात मराठी माध्यमाच्या शाळांबरोबर उर्दू माध्यमाच्याही शाळा आहेत.

अशा शाळेविषयी गावात दोनच प्रश्न विचारले जातात. शाळा कशी आहे, आणि तिथे कोणाची लेकरं जातात? पहिल्याचं उत्तर टक्क्यांत मिळतं: इतके टक्के मुलं वाचतात, इतक्यांना भागाकार येतो. दुसऱ्याचं उत्तर नोंदींत असतं: मुलं किती, मुली किती, कोणत्या प्रवर्गाच्या, कोणत्या धर्माच्या, घरची भाषा कोणती. ही दोन उत्तरं वेगवेगळ्या कागदांवर राहतात आणि बहुतेकदा वेगवेगळीच वाचली जातात. माझं म्हणणं एवढंच की दुसरा कागद शेजारी ठेवल्याशिवाय पहिला वाचता येत नाही. हे दोन्ही कागद तयार कसे होतात, ते सुरुवातीपासून पाहू.

सगळ्याची सुरुवात दाखल-खारीज रजिस्टरपासून होते. शाळेत त्याला जनरल रजिस्टर म्हणतात. जाडजूड, आडव्या रकान्यांचं. मूल शाळेत आलं की त्यात एका ओळीत अनुक्रमांक, पूर्ण नाव, आईचं नाव, धर्म, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, आधीची शाळा आणि प्रवेशाची तारीख लिहिली जाते. मूल शाळा सोडतं तेव्हा त्याच ओळीच्या शेवटी तारीख, कारण आणि शेरा पडतो. या रजिस्टरवर खाडाखोड चालत नाही, कारण त्याचं आयुष्य मुलाच्या शाळकरी वयापुरतं नसतं. पुढे जात पडताळणीसाठी आजोबांच्या नोंदीचा उतारा लागतो, तो याच पानांवरून निघतो. म्हणून पहिलीच्या प्रवेशाच्या दिवशी गुरुजी आईला दोनदा विचारतात, ‘नाव असंच लिहायचं ना?’ ते उगाच नाही.

या ओळीवरून पुढची नोंद यू-डायस प्लस या देशपातळीवरच्या प्रणालीत जाते. शाळांची माहिती एकत्र करण्याचं काम १९९४-९५ च्या सुमारास जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रमातून सुरू झालं. २०१२-१३ मध्ये प्राथमिक आणि माध्यमिकची माहिती एकत्र आली, आणि २०१८-१९ पासून सगळं ऑनलाइन झालं. मोठा बदल २०२२-२३ मध्ये झाला. तोवर शाळा ‘तिसरीत मुलगे सात, मुली नऊ’ असे बेरजेचे आकडे भरत असे. आता प्रत्येक मुलाची स्वतंत्र नोंद भरावी लागते आणि मुलाला कायमचा शैक्षणिक क्रमांक मिळतो. शिक्षक त्याला ‘पेन नंबर’ म्हणतात.

शाळेलाही अकरा अंकी क्रमांक असतो आणि तो वाचायला सोपा आहे. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे २७. पुढचे दोन जिल्ह्याचे, अकोल्याचे ०५. त्यानंतर दोन तालुक्याचे, तीन गावाचे आणि शेवटचे दोन त्या गावातल्या शाळेचे. म्हणजे २७०५ ने सुरू होणारा क्रमांक दिसला की शाळा अकोला जिल्ह्यातली. शाळेच्या दर्शनी फलकावर हा क्रमांक लिहिलेला असतो. तो टाकला की ‘आपली शाळा जाणून घ्या’ या सरकारी पोर्टलवर कोणालाही त्या शाळेचा पट, वर्गखोल्या, शिक्षकसंख्या आणि सोयी पाहता येतात. मुलांची नावं तिथे दिसत नाहीत, आणि दिसूही नयेत.

मुलाच्या नोंदीतले रकाने मात्र सावकाश पाहण्यासारखे आहेत. लिंग, जन्मतारीख, आधार, मातृभाषा, सामाजिक प्रवर्ग, अल्पसंख्याक गट, दारिद्र्यरेषेखालचं कुटुंब आहे का, दिव्यांगत्व आहे का; मागच्या वर्षी कोणत्या वर्गात होतं, निकाल काय, किती दिवस हजर होतं. मुलांची सामाजिक ओळख म्हणून जे तक्ते पुढे छापले जातात, ते सगळे या रकान्यांच्या बेरजेतून येतात. ही बेरीज वऱ्हाडात जपून करावी लागते.

एक उदाहरण. २०११ च्या जनगणनेनुसार अकोला जिल्ह्याच्या १८ लाख १३ हजार ९०६ लोकसंख्येत मुस्लिम साधारण पाचवा हिस्सा आहेत आणि बौद्ध त्याहून थोडेच कमी. राज्यात बौद्धांचं प्रमाण सहा टक्क्यांच्या आत असताना जिल्ह्यात ते असं तिप्पट आहे. आता शाळेतली एक बौद्ध मुलगी घ्या. सामाजिक प्रवर्गाच्या तक्त्यात ती अनुसूचित जातीत मोजली जाते, कारण १९९० पासून बौद्धांनाही ती सवलत कायद्याने लागू झाली. अल्पसंख्याकांच्या तक्त्यात तीच मुलगी पुन्हा बौद्ध म्हणून मोजली जाते. मुस्लिम समाजातल्या पिंजारी, तांबोळी, बागवान यांसारख्या व्यावसायिक जाती इतर मागासवर्गात आहेत. तिथली मुलंही दोन्ही तक्त्यांत येतात. कोणी घाईघाईने ‘अनुसूचित जाती इतके, इतर मागास इतके, अल्पसंख्याक इतके’ अशी बेरीज मांडली तर पटापेक्षा मुलं जास्त निघतात. तक्ते दोन आहेत, मुलं तीच आहेत.

तांड्यावरच्या मुलांचं आणखी वेगळं. महाराष्ट्राच्या यादीत बंजारा समाज विमुक्त जाती (अ) मध्ये येतो. केंद्राच्या यादीत तो इतर मागासवर्गात आहे, आणि देशपातळीवरच्या तक्त्यात सर्वसाधारण, अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि इतर मागास असे चारच रकाने असतात. त्यामुळे देशाच्या तक्त्यात तांड्यावरचं मूल आणि बागायतदार माळी कुटुंबातलं मूल एकाच रकान्यात बसतात. दोघांच्या घरची परिस्थिती, घरची भाषा, शाळेपासूनचं अंतर यांत कितीही फरक असला तरी तो तिथे दिसत नाही. पातूरसारख्या तालुक्यात मला हा मोठा तोटा वाटतो. घाटावरच्या आणि घाटाखालच्या शाळांमधला फरक समजायला नेमकी तीच माहिती लागते.

प्रवर्गाची नोंद नुसती मोजणीसाठी नसते, तिला योजना जोडलेल्या आहेत. पहिली ते चौथीतल्या मागासवर्गीय आणि दारिद्र्यरेषेखालच्या मुलींसाठी दिवसाला एक रुपया उपस्थिती भत्ता १९९२ मध्ये सुरू झाला. पाचवी ते सातवीतल्या अनुसूचित जाती आणि विमुक्त-भटक्या जमातींच्या मुलींना सावित्रीबाई फुले शिष्यवृत्ती मिळते; कित्येक वर्षं ती महिना ६० रुपये, दहा महिन्यांचे ६०० होती. रक्कम तुटपुंजी, आणि इतकी वर्षं ती तशीच राहिली, हे मला सरळ अन्यायाचं वाटतं. तरी रकाना चुकला की तेवढंही मिळत नाही.

आता पटाचा सगळ्यात महत्त्वाचा दिवस: ३० सप्टेंबर. त्या दिवशी जे मूल पटावर आहे ते त्या वर्षाच्या मोजणीत धरलं जातं, आणि त्यावरून संचमान्यता होते, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर आहेत ते ठरतं. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याचं परिशिष्ट सांगतं की पहिली ते पाचवीसाठी ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन, ९१ ते १२० ला चार, १२१ ते २०० ला पाच. समजा एका गावातल्या शाळेचा पट ६२ आहे. या मापाने तीन शिक्षक. ऑगस्टमध्ये दोन घरांनी मुलं इंग्रजी शाळेच्या व्हॅनमध्ये बसवली. पट ६० वर आला आणि तिसऱ्या शिक्षकाचा आधार गेला. पाच वर्ग, दोन शिक्षक. त्यातले एक मुख्याध्यापकाचं काम पाहणारे: पोषण आहाराचा हिशेब, ऑनलाइन माहिती, तालुक्याला बैठक. म्हणजे गेली दोन मुलं, पण उरलेल्या साठ जणांच्या रोजच्या शिकवण्यात फरक पडला. राज्याने संचमान्यतेचे निकष वेळोवेळी बदललेत, १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने ते पुन्हा बदलले आणि त्यावर शिक्षक संघटनांनी जोरदार हरकती घेतल्या. आकडे कुठलेही असोत, रीत तीच: पट एका रेषेखाली उतरला की पद जातं.

राज्यात २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा सुमारे १५ हजार होत्या. त्या वर्षी त्यांच्या जागी समूह शाळा काढण्याचा विचार पुढे आला तेव्हा ही संख्या चर्चेत आली. डोंगराळ तालुक्यातही एक किलोमीटरच्या आत पहिली ते पाचवी, हा कायद्याने दिलेला हक्क आहे. त्यामुळे लहान पट हा काही शाळेचा दोष म्हणता येत नाही. गावच तेवढं असतं.

मोजणीत आणखी एक गाठ आहे, आधारची. मूल रोज वर्गात बसतं, खिचडी खातं, पाढे म्हणतं. पण आधारवरचं नाव आणि शाळेतलं नाव जुळत नाही, किंवा जन्मतारखेत फरक आहे, किंवा आधारच काढलेलं नाही. मग प्रणालीत ते ‘वैध’ ठरत नाही आणि संचमान्यतेच्या वेळी गणतीबाहेर राहण्याची भीती असते. सप्टेंबर महिन्यात पालकांना आधार केंद्रावर पाठवण्यात शिक्षकांचे किती तास जातात, ते गावातल्या प्रत्येकाला माहीत आहे. आणि या अडचणीत कोणती मुलं सापडतात? ज्यांच्या आईबापांकडे जन्माचा दाखला नाही, जी कामासाठी फिरतात, ज्यांच्या नावाचं मराठी, उर्दू आणि इंग्रजीतलं लेखन तीन ठिकाणी तीन प्रकारे झालंय. कागदाची अडचण सगळ्यांना सारखी येत नाही. ती गरिबाच्या लेकरांना जास्त येते.

३० सप्टेंबर या तारखेचं ऋतूशीही नातं आहे. विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात, राज्याच्या इतर भागापेक्षा उशिरा. तीस सप्टेंबरपर्यंत पिकं उभी असतात, माणसं गावात असतात, पट भरलेला असतो. त्यानंतर सोयाबीनची सोंगणी आणि कापसाची वेचणी लागते. मोठी बहीण धाकट्याला सांभाळायला घरी थांबते. दिवाळीनंतर काही कुटुंबं कामाला बाहेरगावी निघतात आणि लेकरं सोबत जातात. म्हणजे वर्षाची अधिकृत मोजणी शाळा सगळ्यात भरलेली असताना होते. जानेवारीतला वर्ग पाहायचा तर हजेरीपट आणि पोषण आहाराची रोजची संख्या, हे दोन कागद मागावेत. आहाराचा आकडा दररोज भरावा लागतो आणि तो ताटांवरून येतो, म्हणून तो पटापेक्षा खऱ्याच्या जवळ असतो. बाहेर जाणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड देण्याची सोय आहे, म्हणजे दुसऱ्या गावच्या शाळेने मुलाला लगेच बसवून घ्यावं. नव्या प्रणालीत मात्र जे मूल एका शाळेतून सुटलं आणि दुसरीकडे दाखल झालं नाही, ते ‘ड्रॉपबॉक्स’मध्ये दिसत राहतं. बेरजेच्या काळात अशी मुलं आकड्यांत हरवून जायची. आता निदान ती दिसतात, आणि शिक्षकाला फोन करून विचारता येतं.

इथवर एक कागद झाला. आता दुसरा: मुलं काय शिकली.

पालकाच्या हाती येतं ते प्रगतिपत्रक. २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं आणि त्यात दोन भाग ठेवले. आकारिक म्हणजे वर्षभर चालणारं: रोजचं निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, छोटी चाचणी, स्वाध्याय. संकलित म्हणजे सत्राच्या शेवटची परीक्षा. पहिली-दुसरीला ७० गुण आकारिकचे आणि ३० संकलितचे, तिसरी-चौथीला ६० आणि ४०, पाचवी-सहावीला निम्मे निम्मे, सातवी-आठवीला ४० आणि ६०. त्या बेरजेची श्रेणी होते: ९१ च्या पुढे अ-१, ८१ ते ९० अ-२, असं उतरत ३३ ते ४० ला ड. यातून एक गोष्ट उघड होते. लहान वर्गात बहुतेक गुण शिक्षकाने स्वतः पाहून दिलेले असतात. चांगल्या शिक्षकाच्या हातात हे फार मोलाचं साधन आहे, कारण त्याला मूल रोज दिसतं. पण एका शाळेचा अ-२ आणि शेजारच्या शाळेचा अ-२ यांची तुलना करता येत नाही. प्रगतिपत्रक तुमच्या मुलाविषयी बोलतं. शाळांची रांग लावायला ते केलेलंच नाही.

तुलनेसाठी सगळीकडे सारखी प्रश्नपत्रिका लागते. २०१५ मध्ये प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र कार्यक्रमाबरोबर पायाभूत चाचण्या आल्या. २०२३-२४ पासून नियतकालिक मूल्यांकन चाचण्या होतात: वर्षाच्या सुरुवातीला पायाभूत, मग संकलित एक आणि दोन, विषय प्रथम भाषा, गणित आणि इंग्रजी. पहिल्या वर्षी त्या तिसरी ते आठवीला झाल्या. तपासतात वर्गशिक्षकच, गुण ऑनलाइन भरतात. एकाच मुलाचे जुलैतले आणि एप्रिलमधले गुण शेजारी ठेवता येतात, हा या चाचण्यांचा खरा उपयोग. पाचवी आणि आठवीला २०२३-२४ पासून वार्षिक परीक्षा परत आली आहे, आणि नापास झालेल्याला पुन्हा संधी आहे. शिष्यवृत्ती आणि नवोदयच्या परीक्षांचा उल्लेख गावात मोठ्या अभिमानाने होतो. तो असावाही. पण त्यात वर्गातल्या दोन-चार मुलांचीच हकीकत कळते.

देशपातळीवर राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण होतं. १३ नोव्हेंबर २०१७ ला, १२ नोव्हेंबर २०२१ ला झालं, आणि ४ डिसेंबर २०२४ ला परख राष्ट्रीय सर्वेक्षण या नावाने तिसरी, सहावी आणि नववीच्या मुलांचं झालं. २०२४ मध्ये ७४ हजार २२९ शाळांतली २१ लाख १५ हजार मुलं त्यात होती. शाळा निवडून घेतलेल्या असतात, म्हणून त्यातून जिल्ह्याचं चित्र मिळतं, तुमच्या गावच्या शाळेचं नाही. प्रथम संस्थेचं ‘असर’ सर्वेक्षण तर शाळेत होतच नाही, घरी होतं. जिल्ह्यातली ३० गावं, प्रत्येक गावातली २० घरं. मूल सरकारी शाळेत जातं की खासगी, की कुठेच जात नाही, हे न पाहता घरातल्या मुलाला वाचायला देतात. २०२४ च्या अहवालात ग्रामीण भारतातल्या सरकारी शाळांमधल्या तिसरीच्या मुलांपैकी २३.४ टक्के दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकत होती. २०२२ मध्ये हेच प्रमाण १६.३ टक्के होतं. करोनाच्या काळात शाळा बंद राहिल्या, त्यानंतरची भरपाई या दोन आकड्यांत आहे.

कोणी म्हणेल, अकोला जिल्ह्याची साक्षरता तर २०११ मध्येच ८८ टक्के होती, राज्याच्या ८२.३४ टक्क्यांपेक्षा जास्त. मग ही मुलं का अडतात? जनगणनेत घरच्यांना विचारून नोंद करतात, वाचायला लावत नाहीत, आणि सात वर्षांवरच्या सगळ्यांना धरतात. तो आकडा वेगळ्या गोष्टीचा आहे.

वाचनाची चाचणी प्रत्यक्ष कशी चालते ते जवळून पाहिलं म्हणजे टक्क्यांच्या मागचं मूल दिसतं. ‘असर’च्या पद्धतीत मुलापुढे आधी चार ओळींचा सोपा परिच्छेद ठेवतात. ते वाक्याच्या चालीने वाचलं आणि चुका तीनपेक्षा जास्त झाल्या नाहीत तर पुढे गोष्ट देतात. अडखळलं तर मागे, शब्दांकडे. पाच शब्दांपैकी चार बरोबर आले तर मूल शब्दपातळीवर. तेही जमलं नाही तर अक्षरं, पाचपैकी चार. बोट ओळीवर ठेवून एखादा मुलगा ‘बाजारातून’ हा शब्द बा, जा, रा असा सुटा सुटा करत शेवटी जोडून दाखवतो. त्याला अक्षर येतं, काना-मात्रा येते. पण ‘सूर्य’ आला की थांबतो, रफाराकडे पाहतो, शिक्षकांच्या तोंडाकडे पाहतो आणि अंदाजाने काहीतरी म्हणतो. पुढच्या ओळीत ‘प्रश्न’. तिथे बोट उचललं जातं. अहवालात हा मुलगा ‘परिच्छेद वाचू शकत नाही’ यात जाईल. त्याच ओळीत ती मुलगीही जाईल जिला अजून ‘क’ आणि ‘फ’ वेगळे ओळखता येत नाहीत. मुलाला जोडाक्षरांचा दीड महिन्याचा नेमका सराव पुरेल, मुलीला पहिल्यापासून सुरू करावं लागेल. टक्का दोघांना सारखा लागतो. म्हणून पातळीनिहाय यादी, म्हणजे कोण अक्षरावर, कोण शब्दावर, कोण परिच्छेदावर, ही शिक्षकाला टक्क्यापेक्षा कितीतरी उपयोगी पडते. हातच्याच्या वजाबाकीचं आणि भागाकाराचंही असंच.

या यादीशेजारी मातृभाषेचा रकाना ठेवून पाहावा. ‘मले’, ‘तुले’ म्हणणारं वऱ्हाडी घर पुस्तकाच्या मराठीच्या जवळ आहे, पण तेच नाही. तांड्यावरचं मूल घरी गोरमाटी बोलतं आणि पहिलीत मराठी ऐकायलाही नव्याने शिकतं. त्याचं पहिलं वर्ष भाषा समजून घेण्यात जातं आणि मग अक्षर येतं. दुसरीत ते मागे दिसलं तर ते मंद आहे असं म्हणणं खोटं आहे, आणि शिकवलं नाही असं म्हणणंही घाईचं. चौथीपर्यंत ते कुठे पोचलं, ते पाहिलं पाहिजे.

आता दोन्ही कागद एकत्र ठेवून हिशेब करू. समजा, तिसरीत जुलैमध्ये १२ मुलं. त्यातली चार गोष्ट वाचतात: ३३ टक्के. सप्टेंबरपर्यंत त्या चारपैकी दोघं इंग्रजी शाळेत गेली. वीटभट्टीवरून परतलेल्या कुटुंबातलं एक मूल आलं, त्याला अक्षरओळखच आहे. वर्ग ११ चा झाला. वर्षभरात शिक्षकांनी परिच्छेदावरच्या एकाला गोष्टीपर्यंत नेलं, अक्षरावरच्या तिघांना शब्दांपर्यंत आणलं. एप्रिलमध्ये गोष्ट वाचणारी तीन: २७ टक्के. अहवालात शाळा ३३ वरून २७ वर घसरली. प्रत्यक्षात वर्गातली चार मुलं एक एक पायरी वर चढली आणि कोणीच मागे गेलं नाही. उलटही घडतं. नवोदयला लागतील अशी तीन हुशार मुलं एखाद्या वर्षी योगायोगाने एका वर्गात येतात, टक्केवारी उसळते, आणि शाळेला बक्षीस मिळतं. शिकवणं मात्र गेल्या वर्षीसारखंच होतं. अकरा मुलांच्या वर्गात एक मूल म्हणजे नऊ टक्के, हे लक्षात ठेवलं की अशा चढउतारांनी कोणी घाबरणार नाही आणि हुरळणारही नाही.

म्हणून एका वर्गाची यंदाची आणि गेल्या वर्षीची टक्केवारी शेजारी ठेवण्यात फारसं हशील नाही. ती वेगळी मुलं असतात. तीच मुलं दुसरीत, तिसरीत, चौथीत कुठे होती, ते मांडावं. मधे आलेली आणि गेलेली मुलं वेगळी दाखवावीत. पेन नंबर आल्यापासून हे शाळेला सहज करता येतं. प्रवर्गानुसार निकाल पाहायचा तर तो शाळेत पाहू नये, कारण तीन मुलांच्या गटाची सरासरी काढून काहीच सिद्ध होत नाही, शिवाय ती तीन मुलं कोण हे सगळ्या गावाला ठाऊक असतं. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या पातळीवर हजारो मुलांत तो पाहावा. तिथे मुलींचा, तांड्यावरच्या मुलांचा, उर्दू माध्यमाचा फरक दिसला तर तो खरा असतो, आणि त्यावर पदं, पुस्तकं, प्रशिक्षण यांची मागणी करता येते.

एक गोष्ट मला फार खटकते. मुलांच्या वाचनपातळीची नावानिशी यादी वर्गाच्या भिंतीवर लावण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. अक्षरावरच्या रकान्यात आपलं नाव रोज पाहणारं आठ वर्षांचं मूल त्यातून काय शिकतं? यादी शिक्षकाच्या वहीत असावी, आणि आईबापांना त्यांच्या मुलापुरती सांगावी.

पालकाला हे सगळं विचारायची जागा कायद्यानेच दिली आहे: शाळा व्यवस्थापन समिती. तिचे पाऊणशे टक्के सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. बैठकीत बहुतेक वेळ वॉलकंपाउंड, पाण्याची टाकी, स्वच्छतागृह यांत जातो, आणि ती कामंही लागतातच. ३० सप्टेंबरनंतरच्या बैठकीत मात्र थोडा वेळ वेगळा काढावा. जुलैत पटावर असलेली किती मुलं आज आहेत, किती गेली आणि कुठे गेली, ते विचारावं. गेलेल्यांत मुलगे जास्त आहेत का, तेही. मुलाला व्हॅनमध्ये बसवून मुलीला गावच्या शाळेत ठेवणारी घरं आहेत, आणि ते पटावरच्या मुलगे-मुलींच्या संख्येत उतरतं. आधारमुळे कोणाचं नाव अडलंय का? मंजूर शिक्षक किती, हजर किती, प्रतिनियुक्तीवर दुसरीकडे किती? प्रत्येक वर्गात जुलैपासून किती मुलं एक पायरी वर गेली आणि किती जिथल्या तिथे आहेत? जिथल्या तिथे असलेल्यांची हजेरी किती? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर हजेरीपटातून मुख्याध्यापकांना पाच मिनिटांत काढता येतं. बहुतेकदा वाचनात अडलेली आणि वेचणीच्या दिवसांत गैरहजर असलेली नावं त्यात एकमेकांवर पडलेली दिसतात. मग पुढचं बोलणं शाळेपुरतं राहत नाही. त्या घरी लहान भावंडाला कोण सांभाळणार, अंगणवाडीची वेळ वावरातून परत येईपर्यंत पुरते का, तांड्यावरून येणाऱ्या मुलींना वाटेत सोबत आहे का, या प्रश्नांकडे ते जातं आणि त्यांची उत्तरं ग्रामपंचायतीच्या हातात असतात. समितीत ग्रामपंचायतीचा सदस्यही असतो, तेव्हा विषय त्याच बैठकीत निघू शकतो.